बत्तिसाव्या हिश्श्याची शर्यत

स्लॉट कार ही विजेवर धावणारी, तळहातावर मावणारी मोटारीची प्रतिकृती असून तिची दिशा धावमार्गात कोरलेली अरुंद खाच ठरवते आणि वेग तेवढा चालवणाऱ्याच्या हाती राहतो. काचेच्या कपाटात मांडण्यासाठी केलेल्या प्रतिकृतीला केवळ दिसायचे असते आणि दूरनियंत्रणावर चालणाऱ्या खेळण्याला केवळ धावायचे असते. स्लॉट कारला मात्र ही दोन्ही कामे एकाच अंगाने पार पाडावी लागतात, आणि ती बहुतेक वेळा एकमेकांच्या आड येतात. मूळ मोटारीशी साम्य राखावे तर आत मोटर बसत नाही, मोटर नीट बसवावी तर बॉनेट फुगते, आणि वळणावर गाडी खाचेत टिकावी म्हणून टायर रुंद करावेत तर जुन्या शर्यती मोटारीचा बांधाच हरवतो. १९५० ते १९७० या सुमाराच्या शर्यती मोटारींच्या प्रतिकृतींमध्ये ही ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसते, आणि तिचा समाधानकारक निकालही बहुधा याच प्रतिकृतींमध्ये लागतो.

या खेळाची यांत्रिक रचना समजण्यास सोपी आहे. धावमार्ग प्लॅस्टिकचे तुकडे जोडून केलेला असो वा लाकडी पाटावर कोरलेला असो, प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना धातूची एकेक पट्टी बसवलेली असते आणि या दोन पट्ट्यांतून साधारणपणे १२ व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युतप्रवाह खेळवला जातो. मोटारीच्या नाकाखाली एक पातळ पाते उभे असते, ते खाचेत उतरते आणि खाच वळेल तसे आपल्या खुंटीभोवती वळते. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या अतिबारीक तारांच्या विणलेल्या चपट्या वेण्या असतात, त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि प्रवाह उचलून आतील मोटरपर्यंत पोहोचवतात. मोटरच्या दांड्यावरील लहान दंतचक्र मागच्या आसावरील मोठ्या दंतचक्राला फिरवते. मोटर गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवली असेल तर मोठे चक्र मुकुटासारख्या उभ्या दात्यांचे लागते, आणि ती आसाला समांतर आडवी बसवली असेल तर साधे सरळ दात्यांचे चक्र पुरते. हातातील कंट्रोलरला पिस्तुलासारखा चाप असतो. पारंपरिक कंट्रोलरमध्ये हा चाप दाबत जावे तसा मंडलातील रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, कमी होत जातो आणि मोटर जोराने फिरू लागते. चाप पूर्ण सोडला की चांगल्या कंट्रोलरमध्ये मोटरची दोन टोके एकमेकांना जोडली जातात, फिरती मोटर क्षणभर जनित्रासारखी वागू लागते आणि स्वतःच निर्माण केलेल्या प्रवाहाच्या विरोधाने थबकते. गाडीला वेगळा ब्रेक नसतो तो याच कारणाने.

अशा रीतीने चालवणाऱ्याकडून सुकाणू काढून घेतले जाते, परंतु त्यामुळे कौशल्याची गरज संपत नाही. खाच गाडीचे नाक धरून ठेवते, तिचा मागचा भाग मात्र मोकळा असतो, आणि वळणावर वेग थोडा जरी अधिक झाला तरी मागची चाके बाहेरच्या बाजूला सरकू लागतात. ही सरक थोडी असेल तर गाडी तिरकी होऊन वळण पार करते, जास्त झाली तर पाते खाचेतून निसटते आणि गाडी धावमार्गाबाहेर जाऊन पडते. या दोन अवस्थांमधील अंतर बोटाच्या अगदी अल्प हालचालीएवढे असते आणि खेळाचे सारे मर्म त्या अंतरात आहे.

विजेवर धावणाऱ्या शर्यती मोटारी हे खेळणे म्हणून तसे जुने आहे. खेळण्यातील रेल्वेगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील लायोनेल या कंपनीने १९१२ सालीच तशा मोटारी विक्रीस आणल्या होत्या, परंतु काही वर्षांतच त्यांचे उत्पादन थांबले. आज प्रचलित असलेल्या खेळाचा खरा आरंभ इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस या अभियंत्याच्या हातून झाला. त्याच्या मिनीमॉडेल्स या कंपनीने १९५२ पासून स्केलेक्स या नावाने पत्र्याच्या मोटारी काढल्या होत्या. त्यांच्या पोटाखाली एक जादा चाक होते, गाडी जमिनीवर दाबून मागे ओढली की त्या चाकाने आतील कमान गुंडाळली जाई आणि सोडताच गाडी पळे, म्हणजे वेगळी चावी द्यावी लागत नसे. ही खेळणी काही काळ चांगली खपली आणि मग मागणी ओसरली. त्या सुमारास एका प्रदर्शनात विजेवर धावणाऱ्या मोटारी पाहताना फ्रान्सिसच्या लक्षात आले, की त्या नुसत्या फिरत राहतात आणि पाहणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. त्याने रबरी धावमार्गात खाचा ठेवल्या, पत्र्याच्या मोटारीत विद्युत मोटर बसवली, खाचेतून फिरणाऱ्या एका लहानशा चाकाकडे प्रवाह उचलण्याचे काम दिले, आणि जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेट येथील खेळणी प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक या नावाने हा संच मांडला. मागणी एवढी आली, की हॅव्हंट येथील त्याच्या कारखान्याला ती पेलणे अवघड झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने कंपनी लाइन्स ब्रदर्स या मोठ्या खेळणी उद्योगाला विकून टाकली. १९६० मध्ये पत्र्याची जागा साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकने घेतली, आणि पत्र्याला कधीच जमले नसते असे बारकावे, म्हणजे बॉनेटवरील झरोके, रिव्हेट आणि धुराड्याच्या नळ्या, या छोट्या मोटारींवर उमटू लागले.

पहिल्या स्केलेक्स्ट्रिक मोटारींमध्ये मॅसेराती २५०एफ होती, ही निवड काळाच्या दृष्टीने फार नेमकी ठरली. १९५४ ते १९६० या काळात ग्रां प्री शर्यतींत धावलेली ही अडीच लिटर क्षमतेच्या सहा सिलिंडर इंजिनाची इटालियन मोटार. ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीतील न्युरबुर्गरिंगच्या डोंगराळ मार्गावर ४६ वर्षांच्या हुआन मान्युएल फान्जिओने तिच्यातूनच आपली सर्वांत गाजलेली शर्यत जिंकली. टायर बदलण्यासाठी थांबल्यामुळे तो बराच मागे पडला होता, आणि त्यानंतर एका फेरीमागून दुसऱ्या फेरीत विक्रम मोडत त्याने कॉलिन्स व हॉथॉर्न यांच्या फेरारी मोटारींना गाठून मागे टाकले व पाचवे जगज्जेतेपद निश्चित केले. त्या वर्षी दुकानात आलेल्या खेळण्याच्या खोक्यात हीच मोटार होती. शर्यत आणि खेळणे समकालीन होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज ज्यांना अभिजात म्हटले जाते त्या प्रतिकृतींपैकी अनेक मुळात ताज्या घडामोडींच्या प्रतिकृती होत्या आणि काळाने त्यांना इतिहास बनवले.

अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यावर या खेळाने वेगळेच वळण घेतले. तेथे घरगुती संचांबरोबर व्यावसायिक धावमार्गांची दुकाने शहरोशहरी निघाली, ज्यात आठ खाचांचे भले मोठे लाकडी मार्ग असत आणि ग्राहक तासावर पैसे मोजून आपली मोटार त्यावर धाववत. तेथील मोटारी १:२४ या मोठ्या प्रमाणात असत, म्हणजे मूळ मोटारीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या, तर युरोपात घरासाठी १:३२ हे प्रमाण रुळले; ऑरोरा कंपनीने लोकप्रिय केलेल्या मोटारी त्याहूनही लहान, बोटाएवढ्या होत्या. कॉक्स, रेव्हेल, मोनोग्राम अशा कंपन्यांनी फोर्ड, फेरारी आणि टेक्ससच्या जिम हॉलच्या शॅपारल या मोटारींच्या देखण्या प्रतिकृती काढल्या. पण जेथे पैज वेगाची असते तेथे देखणेपणा फार काळ तग धरत नाही. स्पर्धकांनी मोटरचे वेटोळे नव्याने गुंडाळले, चासी पितळी सळ्यांची केली, बॉडीसाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा कागदासारखा पातळ पत्रा गरम करून साच्यावर ओढून घेतला, आणि थोड्याच वर्षांत या मोटारी चाके लावलेल्या चपट्या पाचरीसारख्या दिसू लागल्या. १५५ फूट लांबीच्या प्रसिद्ध ‘किंग’ मार्गाची फेरी आजच्या अशा मोटारी दीड सेकंदाच्या आसपास पूर्ण करतात, म्हणजे त्यांचा सरासरी वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. डोळ्याला त्यांचा केवळ रंगीत पट्टा दिसतो. तांत्रिक कर्तबगारी म्हणून ते थक्क करणारे आहे, पण त्यात मोटारीचे असे काही उरलेले नाही. दशक संपण्यापूर्वीच ही लाट ओसरली, बहुतेक दुकाने बंद पडली, आणि खेळाच्या दोन शाखा कायमच्या वेगळ्या झाल्या: एक वेगाच्या मागे गेली आणि दुसरी साम्याच्या.

साम्य म्हणजे नेमके कशाचे साम्य, हा प्रश्न येथे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर भूमितीपेक्षा भौतिकशास्त्रात अधिक सापडते. १:३२ प्रमाणात चार मीटर लांबीची मोटार साडेबारा सेंटीमीटरची होते. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही ३२ पटींनी घटल्यामुळे घनफळ मात्र ३२,७६८ पटींनी घटते. मूळ मोटारीचे वजन ६३० किलो धरले आणि प्रतिकृती हुबेहूब त्याच धातूंची व तेवढ्याच भरीव भागांची केली, तर तिचे वजन जेमतेम १९ ग्रॅम भरेल. या वर्गातील नेहमीची विद्युत मोटर एकटीच जवळपास तेवढ्या वजनाची असते. प्रत्यक्षातील स्लॉट कार म्हणून ६० ते ८० ग्रॅमची, म्हणजे हिशेबाने तिपटी-चौपटीने जड असते, आणि तरीही वळणावर तिला खाली दाबून ठेवायला ते वजन अपुरे वाटते.

वेगाच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. आतील मोटर मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, दंतचक्रांनी तो वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणला असेल आणि मागच्या चाकाचा व्यास दोन सेंटीमीटर असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे सात मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने धावू शकते. खेळण्याच्या जाहिरातींची रीत अशी, की या आकड्याला ३२ ने गुणायचे आणि ही मोटार ‘प्रमाणानुसार’ ताशी ८०० किलोमीटरने धावते असे सांगायचे. हा गुणाकार बरोबर असला तरी त्यामागील समजूत चूक आहे, कारण मोटारीचा आकार लहान केला म्हणून पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. वळणावर गाडी किती वेगाने जाऊ शकते हे टायरचे घर्षण, गुरुत्वाकर्षण आणि वळणाची त्रिज्या या तिघांवर अवलंबून असते, वजनावर नव्हे. त्यातील पहिली दोन जवळपास तशीच राहतात आणि केवळ त्रिज्या ३२ पटींनी घटते, त्यामुळे शक्य असलेला वेग ३२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ५.६६ पटींनी घटतो. समजा ३२ मीटर त्रिज्येचे वळण चांगली पकड असलेली खरी मोटार ताशी ६४ किलोमीटरने घेऊ शकते. तर एक मीटर त्रिज्येचे तेच वळण तिची प्रतिकृती ताशी ११ किलोमीटरपर्यंत घेईल. जाहिरातीच्या हिशेबाने हा वेग ताशी ३६० किलोमीटर होतो आणि प्रेक्षकाला गाडी अमानवी चपळतेने वळल्यासारखी दिसते. योग्य गुणक ५.६६ हा घेतला तर वरची ताशी २५ किलोमीटरची मोटार सुमारे १४० वर येते, आणि न्युरबुर्गरिंगवर फान्जिओने त्या दिवशी केलेल्या विक्रमी फेरीचा सरासरी वेग ताशी १४७ किलोमीटर होता. एक आकडा कमाल वेगाचा आणि दुसरा सरासरीचा असल्याने ही तुलना फार ताणू नये, पण छोटी मोटार आपल्या मोठ्या बहिणीच्याच जगात वावरते आहे एवढे त्यातून कळते. चित्रपटांत जहाजांची किंवा इमारतींची छोटी प्रतिरूपे चित्रित करताना कॅमेरा मुद्दाम जास्त वेगाने चालवून पडद्यावर दृश्य संथ केले जाते, त्यामागे हेच वर्गमूळ असते. स्लॉट कारचे चित्रण सुमारे साडेपाच पट संथ करून पाहिले, तर तिचे डोलणे आणि घसरणे खऱ्या मोटारीसारखे दिसू लागते.

यावरून जुन्या मोटारींना या खेळात मिळणारे विशेष स्थान स्पष्ट होते. १९५०च्या दशकातील ग्रां प्री मोटारीचे टायर अरुंद होते, हवेच्या दाबाने गाडीला जमिनीशी चिकटवणारे पंख तिला नव्हते, आणि चालक तिला वळणावर चारही चाकांवर अलगद घसरू देत, अ‍ॅक्सिलरेटर आणि सुकाणू यांच्या समतोलाने पार नेई. फॉर्म्युला वनमध्ये पंख १९६८ मध्ये आले, गुळगुळीत रुंद टायर १९७१ च्या सुमारास. त्यानंतरची मोटार रुळावर असल्यासारखी वळू लागली. १:३२ प्रमाणात पंखांचा परिणाम जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे आधुनिक शर्यती मोटारीची प्रतिकृती मूळ मोटारीसारखी वागूच शकत नाही. अरुंद टायरांची, बिनपंखाची जुनी मोटार मात्र छोट्या रूपातही मागचा भाग बाहेर झोकून, नाक खाचेत रोखून वळणे घेते, आणि तिची सरक पाहणाऱ्याला जुन्या छायाचित्रांची आठवण करून देते. तरी साम्य पूर्ण नाही हेही सांगितले पाहिजे: खऱ्या घसरणीत चालक पुढची चाके उलट दिशेला वळवतो, आणि बहुतेक स्लॉट कारची पुढची चाके वळत नाहीत, काहींची तर धावमार्गाला नीट टेकतही नाहीत, कारण दिशा देण्याचे काम पात्याने आधीच घेतलेले असते.

हे वागणे एका लहानशा वस्तूने नाहीसे होते. मागच्या आसाजवळ चासीच्या तळाशी बसवलेले लोहचुंबक धावमार्गातील लोखंडी पट्ट्यांकडे ओढले जाते आणि गाडी खाली दाबून धरते. १९७०च्या दशकापासून उत्पादकांनी हा उपाय स्वीकारला, आणि मुलांच्या दृष्टीने तो योग्यच होता, कारण दर वळणावर गाडी उचलून परत खाचेत ठेवावी लागली तर मूल कंटाळते. परंतु चुंबकाच्या जोरावर १९५७ ची मॅसेराती आणि आजची मोटार सारख्याच रीतीने, घसरल्याशिवाय, वळतात. चुंबकाची पकड जेथे सुटते तेथे ती एकदम सुटते आणि कसलीही पूर्वसूचना न देता गाडी उडते. जुन्या मोटारींच्या प्रतिकृती चालवणारे हौशी गट म्हणून बहुधा पहिल्याने चुंबक काढतात. त्यानंतर गाडी संथ होते, फेरीचा वेळ वाढतो, आणि चालवणाऱ्याला ती सांभाळून घ्यावी लागते. वेग गमावून वागणे मिळवण्याचा हा सौदा या शाखेतील बहुतेकांना मान्य आहे, आणि त्यात त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही.

चुंबक काढल्यावर मोटार नीट चालावी म्हणून जी मेहनत घ्यावी लागते तिच्यात प्रतिकृतिकाराची खरी परीक्षा होते. टायर आसावर फिरत ठेवून बारीक कागदावर घासले जातात, जेणेकरून ते पूर्ण वर्तुळाकार होतील. शिशाचे पातळ तुकडे चासीत शक्य तितके खाली चिकटवले जातात, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो. आणि बॉडीला चासीशी जोडणारे स्क्रू मुद्दाम किंचित सैल ठेवले जातात, त्यामुळे चाके आणि पाते धावमार्गाचे बारीक खाचखळगे बॉडीपासून स्वतंत्रपणे झेलतात. या साऱ्याला जागा लागते, आणि जुन्या ग्रां प्री मोटारीत ती जवळजवळ नसते. मॅसेरातीसारख्या मोटारीचे इंजिन पुढे होते, तिचे नाक निमुळते, चालक मागच्या आसाच्या अगदी पुढे ताठ बसलेला. विद्युत मोटर मागे ठेवावी तर तिने चालकाचे पाय, मांड्या आणि कधीकधी कंबरही गिळून टाकलेली असते, त्यामुळे कॉकपिटमध्ये केवळ छातीपासून वरचा पुतळा बसवून भागवावे लागते; ती पुढे, खऱ्या इंजिनाच्या जागी ठेवावी तर लांब दांडा मागच्या आसापर्यंत न्यावा लागतो, पण मग कॉकपिट खुले राहते, वजन योग्य जागी येते आणि आतील रचना मूळ मोटारीशी जुळते. पात्याचेही तसेच आहे: ते जितके पुढे असेल तितकी गाडी स्थिर, आणि या मोटारींचे नाक नको तेथे संपते.

१९६०च्या दशकातील मोटारींचे प्रश्न निराळे आहेत. कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी रचलेली लोटस ४९ ही मोटार ४ जून १९६७ रोजी झांडव्होर्ट येथे पहिल्यांदा उतरली आणि जिम क्लार्कने तिच्यात पहिलीच शर्यत जिंकली. तिचे तीन लिटर क्षमतेचे कॉसवर्थ इंजिन हेच गाडीचा मागचा सांगाडा होते, निलंबनाच्या कांड्या थेट इंजिनाला जोडलेल्या होत्या आणि सारे यंत्र उघडे होते. प्रतिकृतीत नेमक्या त्याच जागी विद्युत मोटर येते. ती झाकायची, तर तिच्यावर आठ सिलिंडरांचे खोटे इंजिन टोपीसारखे घालावे लागते आणि ते हमखास मूळ प्रमाणापेक्षा थोडे फुगीर होते; आणि कांड्या खऱ्या जाडीच्या केल्या तर पहिल्याच धडकेत मोडतात. त्यामुळे उत्पादक त्या जाड किंवा लवचीक करतात आणि जाणकार त्याबद्दल तक्रार करतात. बंद बॉडीच्या ल माँ शर्यतीच्या मोटारी, उदाहरणार्थ फोर्ड जीटी ४० किंवा १९७० आणि १९७१ मध्ये ती शर्यत जिंकलेली पोर्शे ९१७, यांच्या पोटात मात्र मोटर, दंतचक्रे आणि शिसे सहज मावते, बसकी आणि रुंद बॉडी गुरुत्वमध्य आपोआप खाली ठेवते, आणि म्हणून क्लबांच्या शर्यतींत याच मोटारींची गर्दी दिसते. सोय आणि इतिहास येथे एकाच बाजूला आले आहेत.

बाह्य रंगकामाचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तरी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली तंत्राची: कोरलेल्या पत्र्यावरील शाई मऊ सिलिकॉनच्या गोळ्याने उचलून वक्र पृष्ठभागावर दाबून उमटवण्याची जी छपाई आहे, तिच्यामुळे तांदळाच्या दाण्याहून लहान अक्षरे गोलाईदार बॉनेटवर वाचता येतील इतकी स्वच्छ उमटतात, तारांच्या आऱ्यांची चाके मात्र प्लॅस्टिकमध्ये तितकी नाजूक होत नाहीत, त्यासाठी पातळ धातूचा पत्रा आम्लाने कोरून काढलेल्या आऱ्या चाकात बसवल्या जातात. दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. १९६८ पर्यंत ग्रां प्री मोटारी देशांच्या रंगांत धावत, इंग्लंडची हिरवी, इटलीची लाल, फ्रान्सची निळी, जर्मनीची पांढरी किंवा चंदेरी, आणि त्यानंतर प्रायोजकांचे रंग आले, ज्यांत सिगारेट कंपन्या आघाडीवर होत्या. तंबाखूच्या जाहिरातीवरील निर्बंधांमुळे अनेक प्रतिकृतींवर ही नावे छापली जात नाहीत, लाल-पांढरा रंग तेवढा राहतो, आणि अचूकतेचा आग्रह धरणारा संग्राहक ती अक्षरे वेगळी मिळवून स्वतः चिकटवतो. दरवाजावरील क्रमांकही नुसता सजावटीचा नसतो. १९५५ च्या मिल्ले मिलिया या इटलीतील हजार मैलांच्या रस्ताशर्यतीत स्टर्लिंग मॉसने ज्या मर्सिडीजमधून विजय मिळवला तिच्यावरील ७२२ हा आकडा ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाल्याचे सांगतो.

या छंदाला १९९०च्या दशकात जी नवी भरती आली ती स्पेन आणि इटलीतून. स्पेनमध्ये १९६२ पासून एक्झिन कंपनी परवान्याने स्केलेक्स्ट्रिक बनवत होती आणि तो खेळ तेथे घरोघरी एवढा पोहोचला होता, की माद्रिदमधील आतोचा येथील गुंतागुंतीच्या उड्डाणपुलाला लोक त्याच नावाने ओळखत. त्या पिढीतील मुले मोठी होऊन कमावती झाल्यावर फ्लाय आणि निन्को या स्पॅनिश कंपन्यांनी, व पुढे इटलीतील स्लॉट.इट आणि एनएसआर यांनी, प्रौढ ग्राहक समोर ठेवून प्रतिकृती काढल्या. जर्मनीत १९६३ पासून चालत आलेल्या कॅरेराने रुंद धावमार्ग टिकवून ठेवला. २००४ च्या सुमारास आलेल्या डिजिटल संचांत प्रत्येक गाडीला स्वतःची ओळख असलेली चिप असते, त्यामुळे एकाच खाचेत अनेक गाड्या स्वतंत्र वेगाने धावतात आणि बटण दाबून खाच बदलता येते. ओलांडून जाणे हा शर्यतीचा गाभा असल्याने ही मोठीच भर आहे, पण जुन्या मोटारींच्या शौकिनांपैकी बरेच जण दोन पट्ट्या आणि एक चाप या साध्या मांडणीवर समाधानी आहेत.

त्यांच्या क्लबांत धावमार्ग बहुधा लाकडी पाटाचा असतो, यंत्राने कोरलेल्या खाचेच्या कडांना तांब्याची फीत चिकटवलेली. तांबे चुंबकाला ओढत नाही, त्यामुळे चुंबकाचा वाद तेथे आपोआप मिटतो. खऱ्या मार्गाची नक्कल क्वचितच शक्य असते: ३.१४५ किलोमीटरचा जुना मोनॅको मार्ग १:३२ प्रमाणात ९८ मीटर लांब होतो आणि न्युरबुर्गरिंगला ७०० मीटरहून अधिक जागा लागते, म्हणून एखादे नामांकित वळण तेवढे उचलले जाते आणि बाकीचा मार्ग खोलीच्या भिंती ठरवतात. आतली खाच बाहेरच्या खाचेपेक्षा आखूड असल्याने प्रत्येक स्पर्धक प्रत्येक खाचेतून एकदा धावतो आणि फेऱ्यांची बेरीज धरली जाते. ज्यांची पाळी नसते ते वळणांवर उभे राहून निसटलेल्या गाड्या परत खाचेत ठेवतात. काही स्पर्धांत तर बनवणारा हजरच नसतो. तो आपली मोटार टपालाने पाठवतो, दूरच्या शहरातील यजमान क्लबचे सभासद ती चालवतात आणि मग ती पुढच्या क्लबकडे रवाना होते, म्हणजे स्पर्धा चालकांची न राहता कारागिरीची होते.

मूळ मोटारींच्या किमती आता अशा थराला गेल्या आहेत, की त्या जोराने धाववणे धाडसाचे झाले आहे. केवळ ३६ च्या आसपास बनलेल्या फेरारी २५० जीटीओपैकी एक २०१८ मध्ये ४८४ लाख डॉलरना लिलावात गेली. गंमत अशी, की खेळण्यांच्या जगातही तेच घडले आहे. १९६०च्या दशकात स्केलेक्स्ट्रिकने काढलेली बुगाटी टाइप ५९ ही प्रतिकृती फार थोडी बनली, आज ती संग्राहकांना सर्वांत दुर्मीळ वाटते, आणि ज्याच्याकडे ती आहे तो तिला खाचेत उतरवत नाही. ज्यांना ती प्रत्यक्ष धाववायची असते ते रेझिनमध्ये ओतलेली तिची नक्कल घेतात, तिच्यात नवी मोटर बसवतात आणि टायर घासून घेतात.